जुनं लिस्टर इंजिन उघडताय? पॅकिंग बसवण्याची जुनी रीत, पायरीपायरीने

दोन मोठी फ्लायव्हील, एक उभं सिलेंडर, सहा हॉर्सपॉवर आणि मिनिटाला साडेसहाशे फेरे. हे इंजिन आपल्याकडे विहिरीवर, गुऱ्हाळात आणि पिठाच्या गिरणीत वर्षानुवर्षं चाललं. मूळ डिझाइन इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीचं, १९३० च्या सुमाराचं. त्याबरहुकूम राजकोटच्या कारखान्यांनी इतकी इंजिनं बनवली की आपल्या बहुतेक गोठ्यांत पडलेलं 'लिस्टर' हे खरं तर राजकोटचंच असतं. विजेची मोटर आली आणि ही इंजिनं कोपऱ्यात गेली. आता बरीच तरुण मंडळी आजोबांचं इंजिन बाहेर काढून पुन्हा चालू करताहेत. त्यांची पहिली अडचण ठरलेली असते: इंजिन चालू होतं, पण तेल, पाणी, डिझेल आणि कॉम्प्रेशन सगळीकडून गळतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. कागद, तांबं, लाख, कॉर्क, नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड पट्टा) आणि सूत एवढ्या सामानावर ही इंजिनं बंदिस्त राहत होती, आजही राहतात. मला हे काम जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकायला मिळालं. त्यांच्याकडून जे कळलं ते आधी सांगतो: गळती थांबवतो तो सपाट फेस (म्हणजे दोन भाग एकमेकांवर टेकतात ती बाजू) आणि सारखा आवळलेला बोल्ट. पॅकिंग फक्त उरलेली केसभर फट भरतं. हे मनात पक्कं असेल तर पुढचं सगळं सोपं आहे.

सिलिकॉनची ट्यूब का नको, हा प्रश्न येणारच. सिलिकॉन वाईट नाही. पण ते बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं. आतला तो दोरा सुकून तुटतो आणि तेलात पडतो. लिस्टरमध्ये तेलाचा उडवा कनेक्टिंग रॉडच्या टोकाला असलेल्या चमच्याने होतो, त्यामुळे वाटेतलं एखादं लहान भोक बुजलं तरी बेअरिंग कोरडं चालतं. शिवाय ही इंजिनं पुन्हापुन्हा उघडायची असतात. लाख लावलेला कागद पुढच्या खेपेला पटाशीच्या एका टोकाने सुटतो. सिलिकॉन खरवडताना मात्र फेसवर ओरखडे उठतात.

१. आधी गळतीचं कारण शोधा

पाना हातात घेण्याआधी इंजिन डिझेलने धुऊन कोरडं करा. सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी मारा आणि पाच-दहा मिनिटं चालवा. तेल आधी कुठे ओलं होतं ते नेमकं दिसतं. खाली थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा एकच असेल असं नाही. तेल ओघळत येतं, आणि फ्लायव्हीलच्या वाऱ्याने भलतीकडे उडतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, दारावर एक छोटा ब्रीदर (हवा सोडायचं तोंड) असतो आणि त्यात पातळ चकतीचा व्हॉल्व्ह. पिस्टन खाली येताना आतली हवा बाहेर जाऊ द्यायची, वर जाताना बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. त्यामुळे क्रँककेसमध्ये किंचित निर्वात राहतो आणि तेल बाहेर यायला बघतच नाही. ही चकती चिकटली, गंजली किंवा कुणीतरी काढून टाकली असेल, तर जगातलं कुठलंही पॅकिंग लावा, तेल येणारच. ब्रीदर उघडा, डिझेलने धुवा आणि चकती बोटाने सहज हलते का बघा. कित्येक इंजिनांची 'गळती' इथेच संपते.

ब्रीदर ठीक आहे, तरी त्यातून धुराचे झोत येत असतील, तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. ते काम वेगळं आहे आणि ते आधी करा.

२. सामान जमवा

इंजिनाचं मॅन्युअल किंवा त्याची झेरॉक्स मिळाली तर फार बरं. राजकोटच्या इंजिनाला मूळ लिस्टरचं मॅन्युअल बऱ्याच अंशी चालतं, पण मापं मोजून खात्री करा. बाकी यादी अशी:

- रिंग पाने, गोल डोक्याची लहान हातोडी, धार मेलेली पटाशी किंवा पितळी पट्टी
- फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), सरळ स्टीलची पट्टी, व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर
- पाव आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा पॅकिंग पेपर, थोडा ब्राउन पेपर
- चपडा लाख आणि स्पिरिट (पॉलिशचं सामान विकणाऱ्याकडे)
- तांब्याचे वॉशर, वेगवेगळ्या मापाचे
- कॉर्क शीट, नमद्याचा तुकडा
- पाइपाच्या आट्यांसाठी सूत आणि सफेदा (आट्यांना चोळायचा पांढरा लेप)
- पंपासाठी ग्रॅफाइट लावलेली चौकोनी सुती दोरी
- सोल्डरची बारीक मऊ तार
- वेगवेगळ्या मापांचे बेअरिंगचे छर्रे. हे का, ते पुढे येईल
- मास्क, हातमोजे, पाण्याचा फवारा

३. उघडताना घाई नको

प्रत्येक कव्हर काढण्याआधी फोटो घ्या आणि कुठला बोल्ट कुठला ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात खोचून ठेवा. दोन बोल्ट सारखे दिसतात, पण एखादा आखूड असतो. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तो तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो आणि कव्हर मात्र ढिलं राहतं.

जुनं पॅकिंग फेकू नका. फाटलं तरी त्याची जाडी मोजून लिहून ठेवा. काही जागी पॅकिंग हे गळती थांबवण्यापुरतं नसतं, ते मापाचा भाग असतं. मेन बेअरिंगच्या हाउसिंगखालच्या पातळ थरांवर क्रँकशाफ्टची आडवी हालचाल ठरते. सिलेंडर आणि क्रँककेसमधल्या थरांवर पिस्टन आणि हेड (सिलेंडरचं वरचं झाकण) यांच्यातलं अंतर ठरतं. इथे 'थोडं जाड घातलं तर बरं' हा विचार इंजिनाला महागात पडतो.

आणि एक गंभीर गोष्ट. जुन्या इंजिनाच्या हेड पॅकिंगमध्ये आणि एक्झॉस्टच्या जोडात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. राखाडी-पांढरट, तंतू सुटणारं पॅकिंग दिसलं की ते ॲस्बेस्टॉस आहे असंच धरा. कोरडं खरवडू नका, वायर ब्रश लावू नका, फुंकर किंवा हवेचा प्रेशर मारू नका. पाणी मारून ओलं करा, मास्क लावा, ओलंच सोलून काढा, दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा. ते तंतू फुप्फुसात कायम राहतात आणि आजार कित्येक वर्षांनी, दशकांनी उभा राहतो. आपल्या जुन्या मिस्त्रींना हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे, तेव्हा लहान मुलांना त्या दिवशी जवळ येऊ देऊ नका.

४. फेस साफ आणि सपाट करा

एकूण कामाचा अर्धा वेळ इथे गेला पाहिजे.

जुना कागद डिझेलने भिजवून धार मेलेल्या पटाशीने काढा. जुनी लाख असेल तर स्पिरिटचा बोळा दहा मिनिटं ठेवा, ती विरघळते. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानेही लाख निघते, पण तो सोडा ॲल्युमिनियमला खातो, म्हणून फक्त बिडाच्या भागांवर वापरा.

मग सरळ पट्टी फेसवर उभी धरा, मागून टॉर्च लावा आणि खालून उजेड येतो का बघा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर बघा. जिथे उजेड दिसतो तिथे फिलर गेज घालून फट मोजा. बोल्टच्या भोकाभोवती धातू वर उचललेला असतो. कुणीतरी कधीतरी फार आवळल्याची ती खूण. ती टेकडी कानशीने आडवी धरून हलक्या हाताने काढा.

लहान कव्हर सपाट करायचं तर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवा, त्यावर डिझेलचे थेंब टाका आणि कव्हर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासा. मध्येच कव्हर फिरवून धरा, नाहीतर हाताचा जोर एकाच बाजूला पडून ते तिरपं घासलं जातं. पूर्ण फेसवर सारखी जाळी दिसली की थांबा. हेडसारखा मोठा भाग फार वाकला असेल तर तो मशीन शॉपमध्ये द्या, हाताने घासत बसू नका.

पत्र्याचं कव्हर असेल तर ते उलटं ठेवून बोल्टच्या भोकांजवळची खोलगट जागा हातोडीने परत सपाट करा. जुन्या पत्र्याच्या कव्हरातून तेल येण्याचं हे एक नंबरचं कारण आहे.

५. कागदाचं पॅकिंग स्वतः कापा

तयार पॅकिंग सेट मिळतो. पण राजकोटच्या निरनिराळ्या कारखान्यांच्या इंजिनांत भोकांची जागा थोडी इकडेतिकडे असते, आणि सेटमधला एखादा तुकडा बसतच नाही. स्वतः कापता आलं की हा प्रश्न उरत नाही.

कागद निवडताना एकच कसोटी लावा: तो तेल पितो का? पॅकिंग पेपर उत्तम. ब्राउन पेपर आणि ड्रॉइंगचा जाड कागदही चालतो. कॅलेंडरचा किंवा लग्नपत्रिकेचा गुळगुळीत कागद घेऊ नका. त्याच्यावरचा चकचकीत थर तेल आत घेत नाही, गरम झाल्यावर सुटतो आणि दोन थरांच्या मधूनच तेल झिरपतं.

बिडाच्या भागावर कापायची रीत अशी. कागद फेसवर ठेवा. आधी समोरासमोरची दोन बोल्टची भोकं पाडा. भोकावर कागदाच्या वरून भोकापेक्षा थोडा मोठा बेअरिंगचा छर्रा ठेवा आणि हातोडीने एक टोला द्या. गोल, स्वच्छ भोक पडतं. त्या दोन भोकांत बोल्ट घाला म्हणजे कागद सरकणार नाही. मग बाकीची भोकं. शेवटी हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने हलके टोले देत जा. बिडाची धार कागद कापत जाते. आधी आतली कडा, मग बाहेरची. बाहेरची कडा आधी कापली तर कागदाला धरायला काही उरत नाही.

टोले म्हणजे टिचक्या. जोराने मारलं तर फेसची धार गोल होते आणि तिथूनच पुढे गळती सुरू होते. ॲल्युमिनियमच्या भागावर ही रीत अजिबात वापरू नका. तिथे फेसला बोटाने जुनं काळं तेल लावा, त्यावर कागद दाबा, ठसा उमटतो. तो कात्रीने आणि ब्लेडने कापा.

कापून झाल्यावर पॅकिंगमधली प्रत्येक खिडकी इंजिनातल्या भोकांशी ताडून बघा. तेलाच्या वाटेचं एखादं बारीक भोक कापायचं राहून जाणं ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे, आणि ती बाहेरून कधीच दिसत नाही.

ज्या जोडाला लाख लावायची नाही, तिथला कागद इंजिन ऑइलमध्ये अर्धा तास बुडवून निथळून घ्या. तेल प्यालेला कागद फुगतो, मऊ होतो आणि फेसला छान बसतो. जे कव्हर वारंवार उघडावं लागतं, उदाहरणार्थ क्रँककेसचं दार, तिथे एवढंच पुरे. मी एका बाजूला लाख आणि दुसऱ्या बाजूला ग्रीसचं बोट लावतो. कागद कव्हरला चिकटून राहतो, इंजिनाच्या बाजूने सहज सुटतो आणि तेच पॅकिंग पुन्हा चालतं.

६. लाख: बनवा, लावा, थांबा

लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या किड्यांनी सोडलेला राळेसारखा पदार्थ. झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलांत त्याचं मोठं पीक निघतं, आणि रांचीजवळ नामकूमला त्यावर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. सुतार फर्निचरला लावतात तोच हा चपडा. गॅरेजमध्ये लहान बाटलीत मिळणारं जुन्या पद्धतीचं 'शेलॅक' म्हणजे हीच लाख, दाट करून भरलेली.

घरी बनवायची तर पन्नास ग्रॅम चपडा शंभर मिलिलिटर स्पिरिटमध्ये घाला. पॉलिशपेक्षा हे दुपटीने दाट होतं, तसंच हवं. काचेच्या बरणीत ठेवा, झाकण घट्ट लावा, रात्रभर राहू द्या, मध्येच हलवा. लोखंडी डबा नको, लाख काळी पडते. सकाळी पातळ कापडातून गाळून घ्या. काकवीसारखी धार पडली पाहिजे. बरणीवर तारीख लिहा. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख सहा महिने ते वर्षभरात जुनी होते, आणि मग ती कधीच नीट सुकत नाही. शंका असेल तर काचेवर एक थेंब पसरा. दुसऱ्या दिवशी नखाला चिकटत असेल तर ती बरणी बाजूला काढा. आणि काम करताना बिडी, स्टोव्ह, वेल्डिंग काहीही जवळ नको. स्पिरिटची वाफ लांबून पेट घेते.

लावायची रीत:

- दोन्ही फेस स्पिरिट लावलेल्या कापडाने पुसून तेलाचा अंश काढा. तेलकट फेसला लाख धरत नाही.
- ब्रशने अगदी पातळ हात द्या, खालचा धातू दिसेल इतका पातळ.
- दोन-तीन मिनिटं थांबा. बोटाला चिकटेल पण बोटाबरोबर येणार नाही, अशी झाली की कागद ठेवा.
- कागदाच्या वरच्या बाजूला दुसरा पातळ हात, पुन्हा तेवढंच थांबणं, मग कव्हर.
- सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एक फेरी. कागद तेवढ्यात बसलेला असतो.
- तेल भरायची घाई नको, एक रात्र जाऊ द्या.

लाख कुठे नको, हेही तितकंच महत्त्वाचं. खनिज तेल आणि डिझेल यांना ती दाद देत नाही, म्हणून क्रँककेस आणि टायमिंग कव्हरला ती उत्तम. पण ती उष्णतेने मऊ पडते आणि गरम पाण्याने पांढरी होऊन सैल होते. म्हणून एक्झॉस्ट आणि गरम पाण्याच्या जोडांवर तिचा भरवसा धरू नका. आणि पेट्रोलच्या जोडावर तर मुळीच लावू नका. जुने लोक पेट्रोल-रॉकेल इंजिनाच्या कार्बोरेटरला बिनदिक्कत लाख लावायचे, कारण तेव्हा पेट्रोलमध्ये अल्कोहोल नव्हतं. आज आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच, लाखेला विरघळवणारं. जोड तर सुटतोच, शिवाय ती विरघळलेली लाख जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, जाऊन बसते. जुना सल्ला नव्या इंधनाला लागू पडत नाही, याचं हे ठळक उदाहरण.

पातळ, कागद न घातलेल्या जोडांसाठी लाखेबरोबर रेशमाचा दोराही वापरतात. कॉन्टिनेंटल आणि लायकॉमिंगच्या विमानांच्या पिस्टन इंजिनांत क्रँककेसचे दोन अर्धे आजही न सुकणाऱ्या लेपावर बारीक रेशमी दोरा ठेवून जोडतात. कागद घातला तर बेअरिंगचं माप बदलतं, म्हणून दोरा. लिस्टरला याची गरज पडत नाही, पण तत्त्व ध्यानात ठेवा: जिथे मापाला धक्का लावायचा नाही, तिथे जाडी असलेलं काहीही मध्ये घालायचं नाही.

७. कॉर्क आणि नमदा

लिस्टरचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) उघडेच असतात. पण तुमचं इंजिन किर्लोस्करच्या एव्ही-१ सारखं पंधराशे फेऱ्यांचं असेल, तर रॉकर कव्हराखाली कॉर्क किंवा रबर मिळेल. बरेच दिवस दुकानात पडलेलं कॉर्क आक्रसतं आणि भोकं जुळत नाहीत. ओढून ताणून बसवू नका, तुटेल. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, ते पुन्हा मापात येतं. कॉर्क फार आवळायचं नाही. कडेने फुगून बाहेर दिसायला लागलं की आधीच जास्त झालं.

शाफ्ट बाहेर येतो तिथे जुन्या इंजिनांत नमद्याची रिंग असते. नवी रिंग कोमट इंजिन ऑइलमध्ये भिजवून, हलकी दाबून बसवा. कोरडा नमदा शाफ्टला घासून जळतो.

८. तांबं

डिझेलच्या बँजो बोल्टखाली (नळी जोडायचा आतून पोकळ बोल्ट) आणि डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलखाली तांब्याचे वॉशर असतात. तांबं दाबलं गेलं की कडक होतं, आणि कडक तांबं पुन्हा फेसला बसत नाही. ते मऊ करायला गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा. लाली दिसावी म्हणून सावलीत बसा. मग पाण्यात टाका. पाण्यात टाकल्याने तांबं पोलादासारखं कडक होत नाही, उलट वरची काळी खपली उडून जाते. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू पुसा. वॉशरवर ओरखडा किंवा खोल ठसा असेल तर नवा घ्या, चार-पाच रुपयांसाठी जीव अडकवू नका.

नोझल काढल्यावर जुना वॉशर बहुतेक वेळा आत खड्ड्यातच चिकटून राहतो. वरून बघितलं तर तो दिसत नाही, आणि लोक त्याच्यावर नवा घालतात. दोन वॉशर झाले की नोझल वर उचललं जातं, फवारा चुकीच्या जागी पडतो, इंजिन काळा धूर सोडतं. टॉर्च घालून तळ बघाच.

हेड पॅकिंग दोन प्रकारचं मिळतं: निव्वळ तांब्याचं, किंवा मध्ये थर असलेलं तांब्याच्या पत्र्याचं. निव्वळ तांब्याचं असेल तर वरच्याच पद्धतीने मऊ करून पुन्हा वापरता येतं. मात्र पूर्ण गोलाई सारखी तापली पाहिजे आणि उचलताना ते वाकू द्यायचं नाही. त्याच्यावर सिल्व्हर पेंटचा एक पातळ हात देऊन, ओलसर असतानाच बसवायची जुनी रीत आहे आणि ती चांगली चालते. थरवालं पॅकिंग एकदाच वापरायचं. विकत घेताना दुकानदाराला ॲस्बेस्टॉस नसलेलं मागा. बसवण्याआधी ते सिलेंडरवर ठेवून बघा: आतली कडा सिलेंडरच्या भोकात डोकावत असेल तर ती तापून लाल होते आणि जळते.

९. हेड बसवणं

हेड उतरवलंच आहे, तर व्हॉल्व्ह बसतात का ते बघा. हेड उलटं करा, पोर्टमध्ये डिझेल ओता आणि व्हॉल्व्हच्या कडेने पाझरतं का बघा. पाझरत असेल तर ग्राइंडिंग पेस्ट लावून घोटा. व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये कुठलंही पॅकिंग नसतं, तिथे धातूच धातूला बंद करतो.

पिस्टन आणि हेडमधलं अंतर मोजायला सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या माथ्यावर, पिस्टनच्या पिनच्या रेषेत, दोन बाजूंना ग्रीसने चिकटवा. व्हॉल्व्हच्या खाली ते येऊ देऊ नका. पॅकिंग घालून हेड पूर्ण आवळा, फ्लायव्हील हाताने एकदा पूर्ण फिरवा, हेड काढा आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजा. तेच तुमचं अंतर. मॅन्युअलमधल्या मापाशी ताडा. फरक असेल तर सिलेंडरखालचे थर कमी-जास्त करा. हेड पॅकिंगवर पॅकिंग चढवून हे अंतर जुळवायचं नाही.

स्टडच्या आट्या वायर ब्रशने साफ करून तेलाचा थेंब द्या. कोरड्या आट्यांवर पाना घट्ट लागतो पण दाब पॅकिंगपर्यंत पोचत नाही. चारही नट समोरासमोर, तीन-चार फेऱ्यांत आवळा. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलचा आकडा लावा. नसेल तर निदान एकाच पान्याने, एकाच लांबीवर हात धरून आवळा, म्हणजे चारही सारखे होतील. पान्याला पाइप लावून लांब करायचा मोह टाळा.

१०. पाणी आणि डिझेलच्या नळ्या

पाण्याच्या आट्यांना सूत आणि सफेदा ही जोडी आजही उत्तम आहे. आटीच्या तोंडाकडून बघत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सूत गुंडाळा. उलट गुंडाळलं तर आवळताना ते उलगडत जातं. वरून सफेदा चोळा. जुना सफेदा शिशाचा असायचा आणि तो विषारी आहे. डब्यावर वाचून झिंकचा घ्या आणि तरीही जेवण्याआधी हात साबणाने धुवा.

डिझेलच्या नळीला टेफ्लॉन टेप लावू नका. तिचे बारीक तुकडे सुटून पंपात आणि नोझलमध्ये जातात. कमी दाबाच्या जोडाला मऊ केलेला तांब्याचा वॉशर पुरतो. पंपापासून नोझलपर्यंतच्या जाड नळीच्या टोकाला तर काहीच लावायचं नसतं, तिथे शंकूसारखं टोक शंकूत बसतं. गळत असेल तर टोकावर ओरखडा आहे, नळी बदला. आणि तिथली गळती हाताने चाचपू नका. नोझलपाशी डिझेलचा दाब शंभर बारच्या घरात, नव्या इंजिनांत त्याच्याही वर असतो. ती बारीक धार कातडीतून आत जाते, आणि बाहेर फक्त सुईएवढी खूण दिसते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

एक्झॉस्टच्या जोडाला पूर्वी ॲस्बेस्टॉसची शीट लागायची. आता ग्रॅफाइटची मिळते, तीच वापरा.

११. पंपाची दोरी

इंजिनाला पंप जोडलेला असेल तर त्याची ग्लँडही (शाफ्टभोवती दोरी दाबून बसवायची जागा) बघा. जुनी दोरी हुकाने पूर्ण बाहेर काढा, वरून एक तुकडा ठोकून भागवू नका. नवी दोरी शाफ्टभोवती गुंडाळून एक-एक रिंगचे तुकडे करा, टोकं तिरपी कापा. प्रत्येक रिंगचा जोड आधीच्यापेक्षा पाव फेरा पुढे ठेवा. ग्लँडचे नट हाताने लावून पंप चालू करा आणि पाणी थेंबथेंब येईपर्यंतच हळूहळू आवळा. ते थेंब यायलाच हवेत, त्यानेच शाफ्ट थंड राहतो. थेंब पूर्ण बंद केले तर दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते.

फूट व्हॉल्व्ह थोडा गळत असेल तर पंपात शेणकाला ओतून पाणी उचलायची आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसापुरतं पाणी मिळतं, पण फूट व्हॉल्व्हचं चामडं बदलायचं काम तसंच उरतं.

१२. पहिल्यांदा चालू करताना

तेल-पाणी भरून एक तास तसंच ठेवा, थंड गळती असेल तर इथेच कळेल. मग बिनलोड अर्धा तास चालवा. पाण्यात बुडबुडे येत असतील तर हेड पॅकिंगमधून कॉम्प्रेशन पाण्यात जातंय. लोड देऊ नका, पुन्हा उघडा. डिपस्टिकवर तेल दुधाळ झालं असेल तर पाणी तेलात उतरलंय, तेव्हा क्षणभरही चालवू नका.

सगळं ठीक असेल तर बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा आवळा. हेड आवळल्यावर व्हॉल्व्हचं क्लिअरन्स बदलतं, म्हणून ते लगेच तपासा. हीच फेरी पहिले आठ-दहा तास चालवल्यावर एकदा पुन्हा करा. बाकी कव्हरांच्या बोल्टांवरही तेव्हा पाना फिरवा, पण फक्त बसतो का ते बघायला. कागदाच्या कडेला तेलाची ओल दिसली, पण थेंब धरत नसेल, तर त्या जोडाला हात लावू नका. एक-दोन आठवड्यांनी कागद तेल पिऊन फुगतो आणि ती ओल बहुतेक वेळा आपोआप थांबते.

कापलेल्या प्रत्येक पॅकिंगचा नमुना जाड पुठ्ठ्यावर उतरवून, जाडी आणि जागा लिहून इंजिनाशेजारी टांगून ठेवा.